भगत मॅडमचं भेव

भगत मॅडमइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या कुत्र्याला भीत, विजेला भीत, रस्त्यात दोन माणसं चढ्या आवाजात बोलू लागली की सडक ओलांडून पलीकडे जात. नागपूरला एकदा बैठकीला गेलो होतो. सगळे लिफ्टनं वर गेले, मॅडम जिन्यानं. बैठक अर्ध्यावर आली तेव्हा धापा टाकत आत शिरल्या आणि मोठ्या साहेबांना सरळ म्हणाल्या, "माफ करा सर, मले डब्ब्यात बसाचं भेव लागते." साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. भित्रेपणाची त्यांना लाज नव्हती. ताप आहे, खोकला आहे असं आपण सांगतो, तसं त्या भेव आहे असं सांगत.

सरकारी खात्यात बालगृहं, महिलागृहं पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मुदतीआधी नोकरी सोडून त्यांनी यवतमाळला आर्णी रोडवर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली : 'सामाजिक संस्था व शासकीय कार्यालयांसाठी सल्ला व मार्गदर्शन'. पाटीतले पहिले शब्द कोणी वाचत नसे. 'सल्ला' तेवढा दिसे. त्यामुळे सुरुवातीला नवऱ्याशी पटत नाही म्हणून बाया आल्या, बांधाच्या भांडणाची माणसं आली. एक गृहस्थ सोयाबीनच्या पिवळ्या पडलेल्या पानांची जुडी घेऊन आले होते. मॅडमनी पानं उलटसुलट पाहिली, "हे मले नाही समजत, भाऊ," म्हणाल्या आणि चहा पाजून त्यांना कृषी कार्यालयात पाठवलं.

मी तिथं त्यांची मदतनीस म्हणून लागले. एखादी संस्था यायची, आमच्या वसतिगृहात मुली टिकत नाहीत. एखादं कार्यालय यायचं, अंगणवाडीच्या बायांचं प्रशिक्षण नीट होत नाही, काय करावं सांगा. मॅडम तिथं जाऊन राहायच्या, जेवायच्या, पंगतीत शेवटच्या पानावर बसायच्या. मग त्या जागेपुरतं काय करायचं ते सांगायच्या. एका संस्थेचे सचिव घाईत होते. म्हणाले, "मॅडम, मागं दिग्रसच्या संस्थेला जे लिहून दिलं तेच द्या ना, नाव बदलून."

मॅडमनी आपला चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. "घाला."

"हा? हा तुमचा आहे."

"मंग? चष्माच आहे ना?"

सचिवांनी खरंच घातला, डोळे बारीक केले आणि काढून ठेवला. नाव बदलायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

कुठंही गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "चाबी कोणाजवळ असते?" पाणी, जेवण, बिछाने या गोष्टी त्या मागून विचारत. आणि परतताना एसटीत बसल्यावर मला विचारत, "तुले कुठं भेव लागलं का वं, वैशाली?" मी म्हणे, नाही. त्या म्हणत, "मले लागलं. जेवणाच्या खोलीत." मग खिडकीबाहेर पाहत विचार करत बसत. त्यांचं म्हणणं असं, की माणूस तोंडानं काहीही सांगते, पण जागेत भेव असलं की अंगाले समजते.

एकदा त्यांचं अंग चुकलं. आर्णीकडच्या एका बालगृहात नामदेव नावाचा स्वयंपाकी होता. जेवणाच्या खोलीत तो आला की गोंगाट करणारी पोरं चिडीचूप होत. मॅडमच्या अंगावर काटा आला. त्यांनी संस्थेला स्पष्ट सांगितलं की पोरं या माणसाला भितात, याला काढा. संस्थेनं काढलं. पुढच्या भेटीत पोरांनी जेवणच धड केलं नाही. विचारलं तर कळलं, नामदेव जेवताना गोष्ट सांगायचा, आणि त्याची अट होती : आधी सगळे गप्प, मग गोष्ट.

मॅडम त्याच दिवशी त्याच्या गावी गेल्या. मी सोबत होते. तो अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. आजूबाजूच्या बाया बघायला जमल्या. त्या सगळ्यांच्या समोर मॅडम म्हणाल्या, "नामदेवभाऊ, माही चुकी झाली. तुमचा काही दोष नोहता."

त्यानं हातातल्या काड्यांची गाठ आवळली. मग म्हणाला, "मॅडम, तुमाले भेव लागते तं थे तुमच्यापाशी ठेवा. माह्या डोक्यावर कायले टाकता?"

मॅडमनी मान खाली घातली. नामदेव परत कामावर लागला, पण ते वाक्य मॅडमच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर अंगाला समजलेल्या गोष्टीवर त्यांनी एकदाही सल्ला दिला नाही. आधी स्वतः त्या जागी बसून पाहायच्या, मगच बोलायच्या. बाभुळगावच्या रस्त्यावरच्या त्या संस्थेत पुढं जे घडलं, ते यातून घडलं.

ती निराधार बायांची संस्था होती. एका साहेबांनी मॅडमना सांगितलं होतं, अनुदान चालू ठेवायचं की नाही ते ठरवायचं आहे, तुम्ही पाहून या, सुधारणा सुचवा. ऊन तापायला लागलं होतं. संस्थेचे अध्यक्ष स्वतः फाटकापाशी उभे होते. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. पांढरे कपडे, गोड आवाज. अधीक्षिका लताबाई ओंजळभर मोगरा घेऊन आल्या. आवार झाडलेलं, तुळशीला पाणी घातलेलं, भिंतींना नवा रंग. मोठ्या हॉलमध्ये बाया ओळीनं बसून प्रार्थना म्हणत होत्या. सूरही चांगला होता.

मॅडमनी विचारलं, "चाबी कोणाजवळ असते?"

"माझ्याचजवळ," लताबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हाती देत नाही मी."

"दुपारी?"

"दुपारी समद्या आराम करतात."

हॉलच्या दारापाशी मॅडम थोडा वेळ थांबल्या. कडी बाहेरून होती. आतून एके काळी असावी. तिच्या स्क्रूची भोकं रंगानं बुजवलेली दिसत होती. तेवढ्यात पाणी देणाऱ्या बाईच्या हातून एक ग्लास पडला. साधा स्टीलचा ग्लास, घरंगळत माझ्या पायापाशी आला. ती बाई तो उचलायला वाकली नाही. तिनं दोन्ही हात झटकन पाठीमागं लपवले आणि लताबाईंकडं पाहिलं.

"कमल, उचल की," लताबाई हसून म्हणाल्या.

एसटीत मॅडमनी मला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. संस्थेचं फाटक दिसेनासं झाल्यावर म्हणाल्या, "नामदेव म्हणे, थे आपल्यापाशी ठेवा. बरं. मी उद्या दुपारी त्यायच्यासोबत आत बसते."

"कडी लावून?"

"हो. यायले लावते तशी."

लिफ्टमध्ये न चढणारी बाई हे बोलत होती.

दुसऱ्या दिवशी लताबाईंना वाटलं, मॅडम चेष्टा करताहेत. "तुम्ही कायले त्रास घेता? त्या अर्धवट हायेत, मॅडम."

"मीबी थोडी हाओच."

लताबाईंनी खांदे उडवले. जेवणं झाली, बाया न सांगता उठून आत गेल्या. त्यांच्या मागून मॅडम गेल्या. उंबऱ्यावर त्यांनी चौकट धरली, मग सोडली. लताबाईंनी कडी घातली, कुलूप लावलं. मला ऑफिसात पंख्याखाली बसवलं.

थोड्या वेळानं बाहेर स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठून पाहिलं तर लताबाई फाटकाबाहेर पडत होत्या. रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला, "बाई लग्नाले गेल्या बाभुळगावले. येतीन चार-पाचले."

"आणि चाबी?"

त्यानं हात हलवला. चाबी बाईंच्या पर्समध्ये.

मी लताबाईंना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. त्याच सुमारास वीज गेली. डोक्यावरचा पंखा हळू होत थांबला, आणि त्या आवारात किती शांतता आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढ्या बाया एका खोलीत, वर टिनाचं छप्पर, बाहेर पाय ठेववत नाही असं ऊन, आणि आतून साधं कण्हणं नाही. मी दारापाशी गेले. "मॅडम!" हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पत्रा तापून तडतडत होता, तेवढाच आवाज.

तेव्हा मला दाराखाली बोटं दिसली. दार आणि फरशी यांच्यामध्ये बारीक फट होती, तिच्यातून बोटांची टोकं बाहेर आली होती. एका बाईची नव्हेत, कितीतरी. म्हातारी, काळवंडलेली, काही कोवळी. बाहेरच्या हवेला शिवायला आली होती. मला पळून जावंसं वाटलं, हे मी खोटं कशाला सांगू.

मग मॅडमचा आवाज आला, जमिनीजवळून, अगदी हळू. "वैशाली."

"मॅडम, चाबी नाही! ती बाई गेली! मी रखवालदाराला कुलूप तोडायला लावते."

"ओरडू नको. आपण ओरडलो का मंग यायले भोगा लागते." थोडं थांबून म्हणाल्या, "पाणी."

रखवालदार कुलपाला हात लावायला तयार नव्हता. "माही नोकरी जाईन," एवढंच म्हणत राहिला. मी दगड घेऊन कुलपावर घातला, ते हललं नाही. शेवटी माठातलं पाणी आणून उंबऱ्यावर ओतलं. ते फटीतून आत सरकलं. आतून पदर पिळल्याचा, चोखल्याचा आवाज आला. मी ओतत राहिले. रखवालदार तोंड फिरवून उभा होता. मग तोच न बोलता विहिरीवरून बादल्या भरून आणू लागला.

लताबाई उन्हं कलल्यावर आल्या. अंगावर लग्नाची साडी. "अगं बाई, लाइन गेलती का?" म्हणत त्यांनी कुलूप उघडलं. बाया चालत बाहेर आल्या, एकीमागं एक, नेहमीसारख्या. शेवटी मॅडम आल्या. कमलनं त्यांना बगलेत धरलं होतं. केस ओले, डोळे लाल, साडी कमरेखाली भिजलेली.

लताबाई साडीकडं पाहत राहिल्या. मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मले आत लघवी झाली. जायले जागा नोहती. यायलेबी अशीच होते, अन् मंग त्याच्यासाठी मार भेटते. बरोबर आहे का, लताबाई?"

लताबाई हसल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता.

आत काय झालं ते मॅडमनी मला यवतमाळला पोचल्यावर सांगितलं. दार बंद झाल्याबरोबर त्यांना श्वास येईना. त्या दारावर धडका मारणार, तर कमलनं मागून तोंडावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "नका, बाई. खाली झोपा. नाक फटीपाशी ठेवा. मी धरतो तुमाले." कमल गावाकडची, 'धरतो'च म्हणायची. कमलनं त्यांना धरूनच ठेवलं. आणि धरल्याधरल्या सांगितलं की मागच्या उन्हाळ्यात जनामावशी अशीच दुपारी गेली. फटीपाशी तिला जागा मिळाली नव्हती. बाहेर सांगितलं गेलं, झोपेत गेली. बाया कोणाला बोलल्या नाहीत, कारण बोलायला जागाच नव्हती. कडी लागल्यावर मात्र आत ऐकणारं कोणी नसे, म्हणून तिथंच त्या एकमेकींच्या कानात बोलत.

अहवालात मॅडमनी हे जसंच्या तसं मांडायचं ठरवलं. काम देणाऱ्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "सुधारणेस वाव आहे असं लिहा ना. बाकी आपण बघू."

"बंद खोलीत वाव नसते, साहेब," मॅडम म्हणाल्या.

दोन दिवसांतच दादासाहेब आमच्या खोलीवर आले. एकटे. जिना चढून आले, खुर्चीत बसले, पाटीचं कौतुक केलं. मी चहा आणला. संस्थेबद्दल एक शब्दही काढला नाही. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग विचारलं, "मॅडम, तुमच्या आई कळंबकडं एकट्याच राहतात म्हणे?"

मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली.

"उन्हाळ्याचं दार उघडं टाकून झोपतात म्हणे. जुन्या माणसांचं असंच. सांभाळा." चहा संपवून, नमस्कार करून ते गेले. जिन्यावरून उतरताना खालच्या दुकानदाराशीही दोन शब्द बोलले.

मॅडम उठल्या, मोरीपाशी गेल्या आणि ओकल्या. मी पाठीवर हात फिरवत होते, मलाही रडू येत होतं. मी म्हटलं, "मॅडम, जाऊ द्या ना. नका देऊ अहवाल. आपण कोण? सल्ला देणारे. घ्यायचा की नाही त्यांनी बघावं."

"तुले काय वाटते, मी देईन?"

"मला नाही माहीत."

"मलेबी नाही," त्या म्हणाल्या.

त्या आधी कळंबला गेल्या. आई यायला तयार नव्हती. "म्या काय चोरी केली का, माह्या घरून पळाले?" म्हणून म्हातारीनं गाव गोळा केलं. मॅडमनी तिला अक्षरशः ओढून रिक्षात घातलं आणि यवतमाळच्या खोलीत आणून ठेवलं. म्हातारी शेवटपर्यंत या गोष्टीवरून लेकीला बोलत राहिली; का आणलं ते मॅडमनी तिला कधी सांगितलं नाही.

मग मॅडम वरच्या कार्यालयात गेल्या. कागद पुढं केला नाही. म्हणाल्या, "मी सांगते त्यावर भरोसा ठेवू नका. माहं याआधी चुकलं आहे. तुमीच चला, पण दुपारी चला, अन् फोन न करता चला." एका तरुण बाई अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी गाडी काढली. मॅडम गाडीत माझ्या शेजारी होत्या. वाटेत कोणाची मोटरसायकल जवळून गेली की माझा दंड घट्ट धरत. नखांच्या खुणा बरेच दिवस होत्या.

दार तसंच बंद होतं. रखवालदारानं आम्हाला पाहिलं आणि बाजूला झाला. अधिकारी बाईंनी कुलूप तोडायला लावलं. बाया बाहेर आल्या, ओळीत उभ्या राहिल्या. अधिकारी बाईंनी विचारलं, काही त्रास आहे का? कोणी बोलेना. दादासाहेबांची गाडी तोवर फाटकात आली होती. ते उतरून झाडाखाली उभे राहिले, हात मागं बांधून. बायांच्या नजरा जमिनीवर. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "नाही बोलणार. यायच्या जागी मीबी नाही बोलली असती."

तेवढ्यात कमल ओळीतून पुढं आली. अधिकारी बाईंकडं तिनं पाहिलंच नाही. मॅडमपुढं येऊन उभी राहिली आणि मॅडमलाच विचारलं, "बाई, तुमाले त्या दिवशी लय भेव लागलतं ना?"

"हो वं," मॅडम म्हणाल्या. "लय."

"जनामावशीलेबी लय लागलतं," कमल म्हणाली. आणि मग ती थांबली नाही. तिच्यामागून दुसरी बोलली, तिसरी बोलली.

बायांना दुसऱ्या संस्थेत हलवलं. लताबाईंवर आणि दादासाहेबांवर प्रकरण दाखल झालं. ते कोर्टात चाललं आहे, तारखा पडताहेत. दादासाहेबांच्या बाकीच्या संस्था चालू आहेत. गणपतीत त्यांचे फलकही लागतात. आम्हाला मात्र काम येईनासं झालं. ज्या कार्यालयांत मॅडमना खुर्ची देत, तिथं साहेब जागेवर नसत. मी आर्णीला एका वसतिगृहात नोकरी धरली. मॅडमनीच भाग पाडलं. "तुह्या घरी लेकरू आहे," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या. हृदयाचं होतं. मला कळलं आणि मी दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, त्यामुळं माझ्याजवळ शेवटचं म्हणून आहे ते त्याआधीच्या हिवाळ्यातलं.

काही कामानं यवतमाळला आले होते. खोलीवर गेले तर म्हातारी म्हणाली, मॅडम धामणगाव रोडला गेल्या आहेत. बायांना हलवलं होतं ती संस्था तिकडंच होती. मी गेले. जागा चांगली होती. मोठं अंगण, दारं सताड उघडी, बाया भाज्या निवडत उन्हात बसलेल्या. मॅडम अंगणाच्या मध्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एकट्या बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी बोटानं गप्प राहायची खूण केली आणि समोर दाखवलं.

दाराच्या आत, उंबऱ्याच्या पलीकडे कमल उभी होती. एका हातानं चौकट धरलेली.

नवीन अधीक्षिकेनं मला बाजूला घेऊन सांगितलं. दार कधीच बंद नसतं. तरी जेवण झालं की कमल आपणहून आत जाते, फरशीवर दाराकडं तोंड करून निजते, आणि कोणी ऊठ म्हणेपर्यंत उठत नाही. मोरीवरही जात नाही. मॅडम दर आठवड्याला येतात, दुपारी इथं खुर्ची टाकून बसतात आणि जातात. कोणी सांगितलेलं नाही.

मी मॅडमजवळ गेले. हळूच म्हटलं, "आवाज द्या ना तिला. तुमचं ऐकेल."

"ऐकन," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच नाही देत. हुकूम समजून येईन थे."

"मग किती दिवस बसणार?"

"मागच्या वेळी थे निजलेलीच होती. आज उभी आहे."

त्यांच्या मांडीवर संत्री होती. एक सोलून त्यांनी अर्धं मला दिलं. उरलेलं समोरच्या स्टुलावर ठेवलं, दारापासून थोडं दूर, आणि तिकडं पाहायचं सोडून माझ्या लेकराची चौकशी करू लागल्या. मी उत्तरं देत होते, पण लक्ष दाराकडं होतं. कमलनं चौकट सोडली नाही, पण तिचा एक पाय उंबऱ्यावर आला. मग पायरीवर. त्याच वेळी रस्त्यावर कोणा गाडीचा हॉर्न वाजला. कमल आत झाली, मॅडमही छातीवर हात ठेवून खुर्चीत गोळा झाल्या. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. मॅडमनी छातीवरचा हात काढला होता. त्या वाकून स्टूल उचलत होत्या, आणि ते त्यांनी दाराच्या दिशेनं वीतभर सरकवून ठेवलं.